परदेशातील खोलीसाठी घेतलेला तीन लिटरचा कुकर

शिक्षणासाठी जर्मनीला निघालेल्या मुलाच्या सामानाच्या यादीत कुकर असतोच, आणि तो कोणता घ्यावा याविषयी घरातल्या प्रत्येकाचे मत वेगळे असते. गोवा विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी पुढील शिक्षणासाठी बव्हेरिया प्रांतातील व्युर्त्सबुर्गला गेले, तेव्हा म्हापशाच्या बाजारातील एका भांड्यांच्या दुकानातून आतल्या झाकणाचा, स्टीलचा, तीन लिटरचा कुकर घेतला होता. चतुर्थीसाठी डिचोलीला घरी आल्यावर यंदा जाणाऱ्या मुलांचे आईवडील त्याच्याविषयी बारकाईने विचारू लागले, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

दुकानात बहुधा पाच लिटरचा कुकर पुढे केला जातो आणि कारण सांगितले जाते ते पाहुण्यांचे. वसतिगृहातल्या एकट्या माणसाला हे कारण लागू पडत नाही, कारण तिथे शीतकपाटातला एकच कप्पा आपल्या वाट्याला येतो आणि पाच लिटर भरून केलेली आमटी ठेवायला जागाच नसते. डाळ आणि तांदूळ फेसाळतात, त्यामुळे पाणी धरून कुकर निम्म्याहून अधिक भरू नये, असे उत्पादकच सांगतात. त्या हिशेबाने तीन लिटरच्या कुकरात एका वेळी दीड लिटरपर्यंत पदार्थ होतो, म्हणजे एका माणसाची दोन-तीन जेवणे निघतात. दोन लिटरच्या कुकरात हे साधत नाही. एकावर एक दोन डबे लावून वरणभात एकदम करायचा असेल, तर ते डबे आतल्या झाकणाच्या कुकराच्या तोंडातून आत जातात की नाही, हे दुकानातच घालून पाहावे; बाहेरून कुकर ऐसपैस दिसला तरी तोंड अरुंद असते.

आकारापेक्षा महत्त्वाचे आहे ते बूड. जर्मनीतील वसतिगृहांत गॅसची शेगडी सहसा आढळत नाही. काचेच्या सपाट पृष्ठाची विजेची शेगडी असते किंवा इंडक्शन असते. साधा अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही आणि काचेवर त्याचे करडे ओरखडे उठतात. म्हणून चुंबक चिकटेल असे जाड, सपाट बूड असलेला स्टीलचा कुकरच घ्यावा. खरेदीला जाताना घरातल्या फ्रिजवरचे चुंबक खिशात टाकून न्यावे, म्हणजे वाद उरत नाही. भारतात 2021 पासून घरगुती कुकरला आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. त्याच्या वर आयएस 2347 हा क्रमांक छापलेला आहे ना, तेही पाहून घ्यावे. विजेच्या शेगडीचा आणखी एक स्वभाव इथे कोणी सांगत नाही. बटण बंद केले तरी काचेखालचा भाग बराच वेळ तापलेला राहतो, त्यामुळे कुकर तिथेच ठेवला तर शिट्या चालूच राहतात आणि मऊ व्हायची डाळ तळाशी धरते. कुकर उचलून शेजारच्या थंड चकतीवर ठेवणे हाच त्यावर उपाय.

आता शिटीविषयी. युरोपात मिळणारे कुकर शिटी देत नाहीत. त्यांच्या झाकणावर दाब दाखवणारी खूण वर येते आणि वाफ हळूहळू सुटते. सामाईक स्वयंपाकघरात आपल्या कुकराची पहिली शिटी झाली, तेव्हा शेजारच्या खोलीतली मुलगी दात घासण्याचा ब्रश तोंडात धरूनच दारात येऊन उभी राहिली आणि हे भांडे असेच वाजणे अपेक्षित आहे का, असे तिने अगदी गंभीरपणे विचारले. तिला झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह दाखवून समजावल्यावर तिची भीती गेली, पण आवाजाची तक्रार राहिलीच, आणि ती रास्त होती. रात्री दहानंतर तिथे शांतता पाळावी लागते. पहिली शिटी होण्याच्या बेतात असताना आच अगदी कमी केली, तर वाफ फुसफुसत राहते आणि डाळ शिजतेच. फोडणीचा धूर मात्र याहून त्रासदायक ठरतो. खोल्यांत धूर ओळखणारी यंत्रे छताला लावलेली असतात, तेव्हा फोडणी सामाईक स्वयंपाकघरातच, खिडकी उघडून करावी. मिरची जाळू नये.

या कुकराचा खरा उपयोग मला चवीपेक्षा वेळापत्रकात जाणवला. बव्हेरियात दुकाने रात्री आठला बंद होतात आणि रविवारी तर उघडतच नाहीत. विद्यापीठाच्या खानावळीत दुपारचे जेवण स्वस्तात होते, पण डिसेंबरात साडेचारच्या सुमारासच अंधार पडतो आणि प्रयोगशाळेतून थकून परतल्यावर एकट्यासाठी काही रांधावे असे वाटत नाही. मग पाव आणि चीज यांवर आठवडेच्या आठवडे निघतात. बाहेर जेवणे परवडत नाही, कारण व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात वर्षाचे 11,904 युरो भरलेले असले, तरी हाती येतात ते महिन्याला 992, आणि त्यातूनच भाडे व विमा भागवायचा असतो. शनिवारी बाजार आणि रविवारी कुकर, अशी घडी बसली की आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी काय खायचे, हा प्रश्नच उरत नाही. घरचे जेवण मिळाले की परक्या देशात करमते, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. ते मला अतिशयोक्त वाटते. वरणभात खाऊनही करमत नाही ते नाहीच. पण उपाशी राहून न करमणे आणि जेवून न करमणे यांत फरक आहे, आणि सुरुवातीच्या महिन्यात, नावनोंदणी, बँक, विमा यांची कागदपत्रे एकाच वेळी अंगावर आलेली असताना, तो चांगलाच कळतो.

गोव्याच्या माणसाला कुकर हवा तो विशेषतः उकड्या तांदळासाठी. उघड्या पातेल्यात हे तांदूळ विजेच्या शेगडीवर शिजायला फार वेळ घेतात. कुकरात पेज निमूटपणे होते, आणि सोबतीला सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे चटणीसारखी कोशिंबीर, असली म्हणजे आणखी काही लागत नाही. व्युर्त्सबुर्गचे पाणी मात्र अतिशय जड आहे. आपल्याकडच्या विहिरीच्या पाण्यात जी तूरडाळ सहज मऊ होते, तीच तिथे दाण्यादाण्याने वेगळी राहते. डाळ रात्रभर भिजत घातली आणि शिजताना चिमूटभर सोडा टाकला की काम होते. त्याच पाण्याने कुकराच्या आतून पांढरा थर चढतो. वापरून झालेली आमसुले पाण्यात घालून त्यात एकदा उकळी काढली तर तो बराचसा निघतो, आणि स्टीलला अपाय होत नाही. नारळाचा प्रश्न कुकर सोडवू शकत नाही. डब्यातल्या नारळाच्या दुधाचे हुमण (माशांची आमटी) होते, पण ते खाल्ल्यावर घरी फोन करावासा वाटतो.

दोष सांगायचे तर पहिला रबरी रिंगचा. काही महिन्यांत ती कडक होते आणि झाकणाच्या कडेने वाफ निसटू लागते. त्याच कंपनीची कुठलीही रिंग बसेल, असे मला दुकानात छातीठोकपणे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात ती आकार आणि प्रकार यांनुसार वेगळी असते आणि मला दिलेली जादा रिंग बसलीच नाही. तिथे दुसरी मिळेपर्यंत कुकर नुसते पातेले म्हणून वापरावा लागला. तेव्हा दोन जादा रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह घ्यावा, आणि दोन्ही रिंगा दुकानातच झाकणाला बसवून खात्री करून घ्यावी. दुसरा दोष वजनाचा: विमानात एका बॅगेला 23 किलोची मर्यादा असली, तर त्यातले दोन किलोंहून अधिक कुकरच खातो. तो केबिनच्या सामानात नेऊ नये, आणि त्याची पोकळी रिकामी सोडू नये. सुकी सुंगटे आणि आमसुले आत नीट मावतात. वैयक्तिक वापरासाठी 20 किलोपर्यंत मासळी युरोपीय संघात नेता येते. तूप मात्र चालत नाही, कारण दुधाच्या पदार्थांना बंदी आहे, आणि सुके खोबरे विमानाच्या सामानात ज्वालाग्राही म्हणून अडवले जाते.

ज्यांना वसतिगृहात एकच चकती असलेली शेगडी मिळणार आहे, किंवा जे मुख्यतः भातच खाणार आहेत, त्यांनी हा कुकर नेऊ नये. त्यांनी भात शिजवण्याचे विजेचे भांडे तिथल्याच आशियाई दुकानातून घ्यावे. त्याचा प्लग तिथल्या सॉकेटला बसतो, आणि येथून नेलेल्या उपकरणांना लागणारा अॅडॅप्टर वेगळा घ्यावा लागत नाही.