बीएमडब्ल्यू आर ११५० जीएस: गाडी भक्कम, पण शाफ्टकडचा आवाज ओळखूनच घ्या

जुनी शाफ्टवाली गाडी शोधणाऱ्याच्या यादीत आर ११५० जीएस असतेच. १९९९ ते २००४ या काळातली ही गाडी: ११३० सीसी, ८५ अश्वशक्ती, सहा गिअर, कोरडा क्लच, आणि चेनच्या जागी उजव्या बाजूच्या स्विंगआर्ममधून, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हातातून जाणारा शाफ्ट, म्हणजे ताकद चाकापर्यंत नेणारा फिरता दांडा. इंजिन आणि सस्पेन्शनबद्दल पुष्कळ लिहून झालंय. इथे फक्त क्लचपासून मागच्या चाकापर्यंतचा भाग बघू, कारण जुन्या जीएसचा सौदा फायद्यात की तोट्यात हे तिथेच ठरतं. यंत्रणेला दहापैकी साडेसात गुण. कापलेले अडीच गुण बिघाडांसाठी कमी आणि दुरुस्तीच्या किचकटपणासाठी जास्त आहेत.

या गाडीत मागून आवाज आला की बहुतेक जण थेट फायनल ड्राइव्हवर, म्हणजे शाफ्टची गती चाकाला देणाऱ्या मागच्या गिअरच्या डब्यावर, खापर फोडतात. तो जातो हे खरं, पण घासलेला टायर, पिव्हटची (ड्राइव्ह आणि स्विंगआर्मच्या जोडाची) बेअरिंगं, शाफ्टचे क्रॉस (त्याला कोनात फिरू देणारे सांधे) आणि गिअरबॉक्स हेही तितकेच संशयित आहेत. जाड नक्षीचा टायर अर्धा झिजला की ६० ते ८० च्या वेगात जी घरघर करतो, ती ऐकून चांगले ड्राइव्ह उघडले जातात. टायरचे ठोकळे हाताने चाचपा. एक कड उंच आणि एक खाली लागली, तर आधी टायर बदला आणि मग पुढचं बघा.

उभ्या गाडीची खडखड वेगळी. न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला असताना गिअरबॉक्स खडखडतो आणि लिव्हर दाबली की गप्प होतो. हा या गाडीचा स्वभाव आहे. आयडल (थ्रॉटल न देता इंजिनचा वेग) ११०० आरपीएमच्या आसपास असेल आणि दोन्ही थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा ठरवणारे भाग) जुळलेल्या असतील तर हा आवाज बराच कमी होतो. आरपीएमबरोबर चढत जाणारी कोरडी शिट्टी मात्र गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगची असू शकते. उलट, लिव्हर दाबल्यावरच चीं-चीं सुरू झाली तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग तपासा. मेन स्टँडवर गिअर टाकून इंजिन चालवलं की मागे जो गोंगाट होतो, त्यावरून निदान करू नका. चाकावर भार नसतो, स्विंगआर्म खाली लोंबकळत असल्याने शाफ्टचा कोन वाढलेला असतो, आणि धडधाकट गाडीही तिथे वाजते.

खरी परीक्षा रस्त्यावर. ताशी ७० किमी वेग धरून चौथ्यात ऐका, मग त्याच वेगाला सहाव्यात. आवाजाची पट्टी बदलली तर दोष गिअरबॉक्समध्ये किंवा त्याच्या पुढे. तीच राहिली तर गिअरबॉक्सच्या मागे. मग थ्रॉटल देऊन आणि सोडून बघा. ओढताना एक सूर आणि सोडल्यावर दुसरा येत असेल तर क्राऊन-पिनियनच्या, म्हणजे फायनल ड्राइव्हमधल्या मोठ्या-लहान गिअरच्या, दात्यांवर संशय घ्या. भाराने फारसा फरक न पडता वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुधा बेअरिंगची किंवा टायरची असते.

त्यानंतर मेन स्टँड, न्यूट्रल, इंजिन बंद. चाक हाताने हळू फिरवा आणि टकटक मोजा. फायनल ड्राइव्हचं गुणोत्तर सुमारे २.८२ आहे, म्हणजे चाकाचे पाच फेरे होतात तेव्हा शाफ्टचे चौदा होतात. पाच फेऱ्यांत पाच टकटक आल्या तर कारण चाक, डिस्क किंवा हबच्या बाजूला. चौदा किंवा अठ्ठावीस आल्या तर शाफ्टकडे वळा, कारण अडकणारा क्रॉस एका फेऱ्यात एकदा किंवा दोनदा जाणवतो. ब्रेक पॅड घासत असेल तर तो आवाज सगळ्यावर पसरतो, म्हणून कॅलिपर आधी बाजूला करून ठेवा.

आता ढिलाई. चाक वर-खाली (घड्याळात १२ आणि ६ वर) धरून हलवा आणि दुसऱ्या माणसाला ड्राइव्ह व स्विंगआर्मच्या जोडावर बोट ठेवायला सांगा. ड्राइव्हचं घरच (बाहेरचं कवच) स्विंगआर्मच्या तुलनेत हलत असेल तर पिव्हट बेअरिंग. घर स्थिर आणि चाक हलतंय तर क्राऊन व्हीलचं मोठं बेअरिंग. या फरकात पैशाचा मोठा फरक आहे. पिव्हटची सुई-बेअरिंगं बदलणं हे घरगुती काम आहे. फक्त पिना लॉकटाइटने बसवलेल्या असतात, त्यामुळे गरम केल्याशिवाय पाना घालू नका, नाहीतर आटे जातात. बसवताना समायोजनाची पिन फक्त ७ न्यूटन-मीटरला कसायची आणि ती तशीच धरून तिच्यावरचं नट घट्ट करायचं. हा छोटा आकडा बघून अनेकांना छापील चूक वाटते आणि ते जोर लावतात. मग नवीन बेअरिंगातही काही दिवसांत खळगे पडतात.

ऑइल काढून बघणं ही सर्वात स्वस्त तपासणी. ड्राइव्हमध्ये जेमतेम पाव लिटर, म्हणजे २३० ते २५० मिली हायपॉइड जीएल-५ ऑइल, ९० नंबरचं, मावतं. भरण्याच्या भोकाच्या आट्यांच्या खालच्या काठापर्यंत भरायचं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असेल तर हरकत नाही. नखाने टोचणारे तुकडे किंवा चकचकीत पापुद्रे दिसले तर ड्राइव्ह उघडावाच लागेल. डिस्कच्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला तर नुसतं सील बदलून समाधान मानू नका. मोठं बेअरिंग ढिलं झाल्यावर सील टिकत नाही, त्यामुळे सील हा बऱ्याचदा बळी असतो. कंपनी सांगते त्यापेक्षा लवकर, दर दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलावं. पाव लिटरला खर्च तो किती!

शाफ्ट बघण्यासाठी ड्राइव्ह पूर्ण उतरवावा लागत नाही. टॉर्क रॉडचा (ड्राइव्हला फिरू न देणाऱ्या दांडीचा) मागचा बोल्ट काढा, ब्रेकची नळी मोकळी करा, रबरी बूटची क्लिप सोडा, आणि ड्राइव्हला आधार देत खाली झुकवा. बूट फाटलेला असेल तर पाणी आत जाऊन क्रॉसच्या सुया गंजतात. बोटाने क्रॉस हलवताना ढिलाई किंवा अडखळणं जाणवलं, किंवा लालसर भुकटी दिसली, तर तो संपला. क्रॉस ठोकून बसवलेले आहेत, ग्रीसचं निपल नाही, आणि कंपनी सुटा क्रॉस देत नाही. शाफ्ट पूर्ण घ्या किंवा क्रॉस बदलून देणारा खास मिस्त्री गाठा. शाफ्टचे दोन भाग वेगळे केले असतील तर जोडताना दोन्ही टोकांचे काटे एकाच रेषेत हवेत. एक-दोन दाते चुकले तरी कंप येतो, आणि तो आधी नव्हता म्हणून दोष नव्या टायरला दिला जातो. म्हणून सुटं करण्याआधी रंगाची रेघ मारून ठेवा. शाफ्टमध्ये झटके शोषणारा रबराचा डँपरही आहे. जुन्या गाडीत तो घसरतो, त्यासाठी रबर ओलांडून दोन्ही बाजूंवर जाणारी, शाफ्टच्या लांबीने एक सरळ रेघ मारा आणि चार दिवस चालवून ती सरकली का बघा.

मोठं बेअरिंग बदलायचं असेल तर गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारा: शिम (जाडी जुळवणारी पातळ चकती) मोजणार का? बेअरिंगला ०.०५ ते ०.१० मिमी प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) लागतो आणि तो शिमच्या जाडीने ठरतो. "जुनी शिम चालते" असं उत्तर आलं तर गाडी तिथे सोडू नका. आणि विकणारा ड्रेन प्लग उघडू देत नसेल, तर दुसरी गाडी बघा. या पिढीच्या जीएस युरोपात अजून भरपूर मिळतात.