दात येणाऱ्या बाळासाठी सिलिकॉनचं टीथर, फोंड्यात घेतलेलं, वापरून झाल्यावर लिहितेय

मुलगी सात महिन्यांची, खालचे पुढचे दोन दात येतायत, बहुतेक बाळांचे तेच आधी येतात. दिवसभर मूठ तोंडात, लाळेरी बदलून बदलून दमायला होतं आणि रात्री डोळा लागतोय म्हणेपर्यंत रडत उठते. इथे गोव्यात, फोंड्याच्या बाजारात मेडिकलमधून साधं गोल रिंगवालं टीथर आणलं, दोनशेच्या आसपास पडलं, आणि मला ते खूपच आवडलंय.

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ते अख्खं एकाच तुकड्याचं आहे. जोड नाही, आत पाणी नाही, मणी नाहीत. पाणी भरलेली पण मिळतात, पण बाळाने चावून भोक पाडलं की आतलं पाणी सरळ पोटात, म्हणून ती मी घेतलीच नाहीत. रिंग बारीक आहे त्यामुळे तिची ती धरते, आणि एका बाजूला बारीक उंचवटे आहेत तीच बाजू शोधून हिरड्यांवर घासत बसते. धुवून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही, दगडासारखं कडक झालं तर हिरडीला लागतं. गार रिंग हातात दिली की किरकिर थांबते, अगदी लगेच. पावसात लाईट जाते तेव्हा फ्रिज काही उपयोगाचा नाही, मग स्वच्छ मलमलचं फडकं माठातल्या उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून पिळून देते, नाहीतर हात धुवून बोटाने हिरडी हळू चोळते, त्यानेही शांत होते.

एकच तक्रार, सिलिकॉनला धूळ, केस, दुपट्याचे धागे सगळं चिकटतं. खाली पडलं की धुवायलाच लागतं.

आता झोपेचं, कारण बरेच जण त्यासाठीच घेतात. झोपायच्या आधी गार टीथर थोडा वेळ चावायला दिलं की दूध नीट पिते, अंगावर पिताना चावत नाही आणि पहिली झोप बरी लागते. पण रात्रभराची झोप टीथरमुळे येत नाही हो. दाताचा त्रास दात वर यायच्या आगेमागे थोडेच दिवस असतो, या वयाची बाळं तशीही रात्री उठतात. आणि झोपली की टीथर पाळण्यातून काढून घ्यायचं, दोरीने गळ्यात तर कधीच बांधायचं नाही. दात येताना बाळाला घालायचे ते अंबरच्या, म्हणजे पिवळसर राळेच्या, मण्यांचे हार ऑनलाईन दिसतात ना, त्याने एका १८ महिन्यांच्या बाळाचा झोपेत गळा आवळून जीव गेला, त्यानंतर २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, असे दागिने घालू नका म्हणून सांगितलं.

मेडिकलमध्ये हिरड्यांना लावायचं जेल पण पुढे करतात. कृपा करून डॉक्टरना विचारल्याशिवाय घेऊ नका. बेंझोकेनवालं (हिरडी बधिर करणारं) जेल दोन वर्षांखालच्या बाळाला नको, रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होऊ शकते आणि ते जीवावर बेततं. कोलीन सॅलिसिलेट (हे दुखणं कमी करायचं औषध) असलेलं तर ब्रिटनमध्ये १६ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. घरात जायफळ उगाळून चाटवायचा सल्ला पण मिळतो, आपल्याकडे कुळागरात, म्हणजे घरच्या सुपारी-मसाल्याच्या बागेत, जायफळ होतं, म्हणून ते घरचंच वाटतं, पण जास्त गेलं तर बाळाला बाधतं आणि किती जास्त ते चाटवताना कळत नाही. मध पण वर्षाच्या आत नकोच. शेजारच्या मावशींनी प्रेमाने पोदेराकडची (पाववाल्याकडची) काकणं, म्हणजे बांगडीसारखे कडक पाव, चावायला द्यायला सांगितलं, पण ती भिजली की तुकडा सुटतो आणि घशात अडकायची भीती, म्हणून नाही दिली.

ताप १०० च्या वर जायला लागला, किंवा जुलाब सुरू झाले तर दात येतायत म्हणून घरी बसू नका, दाखवून या. आमच्या डॉक्टरबाईंनी हे पहिल्या भेटीतच ठासून सांगितलं.

लाळेने हनुवटीवर लाल पुरळ उठतं त्याला मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही, वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात.

घेताना "एकाच तुकड्याचं, पाणी न भरलेलं" असं सांगून मागा, दाबून, ताणून बघा, आणि चीर दिसली की टाकून द्या. मी दुसरं पण घेऊन ठेवलंय, एक धुवायला गेलं की एक फ्रिजमध्ये असतं.