एमएस्सीला बायोकेम की मायक्रो? दोन्हीकडचं खरं खरं

रिझल्ट लागला की कोणी ना कोणी विचारतंच, बीएस्सी झालं, आता बायोकेमिस्ट्री घेऊ की मायक्रोबायोलॉजी, आणि पाठोपाठ "स्कोप कशाला जास्त?" स्कोपचं खाली बोलूच, पण आधी दोन वर्षं रोज नक्की काय करावं लागतं ते बघा, कारण अर्ध्यात वैतागणारी मुलं स्कोप नाही म्हणून वैतागत नाहीत, रोजच्या कामाला कंटाळतात. मी पुण्यात बायोकेम केली, रूममेट मायक्रोची होती, त्यामुळे दोन्हीकडची रडारड जवळून ऐकलीये.

बायोकेम म्हणजे नुसतं पाठांतर असा सरसकट समज आहे. पाठांतर आहेच, २० अमिनो ॲसिड स्ट्रक्चरसकट, ग्लायकोलिसिसच्या १० स्टेप्स, क्रेब्स सायकल, यूरिया सायकल, कुठे एटीपी खर्च होतो आणि कुठे मिळतो, पण ते रट्टा मारून निघून जातं हो. गोची होते ती बफरची गणितं आणि एन्झाइम कायनेटिक्सला, म्हणजे एन्झाइमची रिॲक्शन किती वेगाने होते त्या हिशोबाला. लाइनविव्हर-बर्क प्लॉट या वेगाच्या ग्राफवर दोन रेषा वाय ॲक्सिसला एकाच ठिकाणी येतायत म्हणजे व्हीमॅक्स (जास्तीत जास्त वेग) तोच, म्हणजे इन्हिबिटर (एन्झाइमला अडवणारा पदार्थ) कॉम्पिटिटिव्ह, आणि एक्सला एकत्र आल्या तर नॉनकॉम्पिटिटिव्ह, हे असं ग्राफ बघून सांगायचं असतं. गणित म्हणाल तर सरळ रेषेचं समीकरण आणि लॉग, बाकी काही नाही, पण मॅथ्स नको म्हणून अकरावीलाच मॅथ्स सोडलेली पब्लिक इथे गार पडते.

दुसरं म्हणजे पाथवे, म्हणजे शरीरातल्या रिॲक्शनच्या साखळ्या, सुटे सुटे येऊन उपयोग नाही. पेपरात येतं की माणूस कालपासून उपाशी आहे, लिव्हरमध्ये काय चालू असेल आणि काय बंद? (कडक उपास बरं का, साबुदाणा खिचडीवाला नाही, त्यात स्टार्चच स्टार्च.) मग आधी ग्लायकोजेन (साठवलेलं ग्लुकोज) संपतं, ग्लुकोनिओजेनेसिस (नवीन ग्लुकोज बनवणं) जोरात चालू होतं, फॅट जळायला लागतं, कीटोन बॉडीज तयार होतात, हे सगळं एकमेकांना जोडून लिहायचं. ज्याला हे जोडायला मजा येते त्याने डोळे झाकून बायोकेम घ्यावी.

मायक्रोला उलट पाठांतर जास्त, असं माझं मत. ऑर्गॅनिझमची नावं, कुठली टेस्ट पॉझिटिव्ह कुठली निगेटिव्ह, कुठलं मीडियम (जंतू वाढवायचं खाद्य) कशासाठी, आणि व्याप्ती पण मोठी, माती-पाणी-दूध-फर्मेंटेशन-व्हायरस सगळंच. इम्युनॉलॉजी आणि मॉलिक्युलर बायोलॉजी दोन्हीकडे आहेच, तिथे सुटका नाही.

आता प्रॅक्टिकल, कारण खरा फरक इथेच कळतो. बायोकेमचं बरंचसं प्रॅक्टिकल त्याच दिवशी संपतं. लाळेतल्या अमायलेजचं (स्टार्च तोडणारं एन्झाइम) घ्या, स्वतःचीच थुंकी बीकरमध्ये घ्यायची (यावर पहिल्या दिवशी जेवढं हसायचं तेवढं हसून घ्या), डायल्यूट करायची, स्टार्च घालून ठरलेल्या मिनिटाला डीएनएसए (साखरेशी रंग देणारं केमिकल) टाकून रिॲक्शन थांबवायची, उकळत्या पाण्यात ट्यूबा धरायच्या, पिवळ्याचं केशरी-लाल झालं की ५४० नॅनोमीटरला रीडिंग. ऐकायला सोपं आहे, पण एका ट्यूबला पिपेट जरा तिरकी धरली की स्टँडर्ड ग्राफची रेषा वाकडी, आणि मग अख्खं प्रॅक्टिकल परत. त्यात स्पेक्ट्रोफोटोमीटर एक आणि बॅच अख्खी, म्हणजे रांग आलीच. दिसायला सुंदर असं फार नसतं, ओसाझोन (साखरेपासून बनवलेले स्फटिक) सोडून, मायक्रोस्कोपखाली माल्टोजचे स्फटिक सूर्यफुलासारखे दिसतात, फोटो काढाच.

मायक्रोचं प्रॅक्टिकल एका दिवसात संपत नाही, दुखणं ते. आज मीडिया बनवा, ऑटोक्लेव्ह (वाफेने जंतू मारणारं भांडं) १२१ डिग्रीला लावा, प्लेटा ओता, स्ट्रीक करा, आणि कॉलनी बघायला उद्या या. उद्या रविवार असेल तरी बॅक्टेरियाला त्याचं काही नाही. रूममेटचं ग्रॅम स्टेनिंग (बॅक्टेरिया रंगवून त्यांचे दोन गट ओळखायचे) मी बघितलंय, अल्कोहोल काही सेकंद जास्त राहिलं की जांभळे दिसायला हवेत ते गुलाबी दिसतात, आणि मॅडमना वाटतं पोरीला ग्रॅम पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कळत नाही. पण हाताला जी शिस्त लागते ती मायक्रोचीच, हे मान्य करावं लागेल.

नोकरीचं स्पष्ट सांगते. एमएस्सी झाल्या झाल्या पगार चालू व्हायला हवा असेल तर मायक्रो. फार्मा, डेअरी, फूड, पाणी तपासणी, वाळूजच्या ब्रुअरीज, सगळीकडे क्यूसीला (मालाच्या दर्जाची तपासणी) मायक्रोवाला लागतोच, स्टेरिलिटी टेस्टिंग दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाहीत. बायोकेमवाला क्यूसीला गेला की त्याची गाठ ॲनालिटिकल केमिस्ट्रीवाल्यांशी पडते, आणि एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) त्यांचा हात आधीच बसलेला असतो. पॅथॉलॉजी लॅबमध्ये डीएमएलटी (मेडिकल लॅबचा डिप्लोमा) आहे का विचारतात. घरी हे आधीच सांगून ठेवा.

पीएचडीच करायचीये, नेट (फेलोशिप आणि लेक्चररशिपची परीक्षा) मारायचीये, तर मात्र माझं मत बायोकेमला. सीएसआयआर नेटला दोघांचा पेपर एकच, लाइफ सायन्सेस, पण पार्ट सी १०० मार्कांचा, ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे आणि बरेचसे डेटा-ग्राफ वाचून उत्तर काढायचे, तिथे कायनेटिक्समध्ये घासलेलं डोकं कामाला येतं. गेट परीक्षेच्या एक्सएल (लाइफ सायन्सेस) पेपरला तर केमिस्ट्री कंपल्सरीच आहे, मायक्रोवाल्यांना ती वेगळी काढून करावी लागते.

बीएस्सी केमिस्ट्रीवाल्यांनी बायोलॉजी नाही म्हणून घाबरू नये. कमला सोहोनी मुंबई विद्यापीठातून १९३३ साली केमिस्ट्री-फिजिक्स घेऊनच बीएस्सी झाल्या, मग बायोकेमिस्ट्रीत आल्या आणि १९३९ ला केंब्रिजची पीएचडी. मायक्रोला मात्र बऱ्याच ठिकाणी बीएस्सीला मायक्रो असणं लागतं, तेव्हा फॉर्म भरायच्या आधी पात्रता नीट वाचा.

शेवटचं, कॉलेज. अनुदानित आहे की सेल्फ-फायनान्स यावर फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि ॲडमिशनच्या आधी एकदा लॅबमध्ये डोकावून या. एचपीएलसी, पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणारं मशीन) सगळं माहितीपत्रकात असतं, पण मशीन चालू आहे की कव्हर घालून कोपऱ्यात ठेवलंय ते सेकंड इयरच्या कोणालाही विचारा, दोन मिनिटांत खरं सांगतील.