एम३५ए२: लष्करातून निवृत्त झालेला अडीच टनी ट्रक, नंबर प्लेटसकट

अमेरिकेच्या लष्कराने विकायला काढलेला जुना अडीच टनी ट्रक घ्यावा का, तो रस्त्यावर कायद्याने चालवता येतो का, असं इथली मराठी मंडळी मला वरचेवर विचारतात. उत्तर आधीच देऊन टाकते: जरूर घ्या, आणि हो, चालवता येतो. फक्त आधी कागद बघा, मग ब्रेक, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलट करतात. स्टार्टरचं बटण दाबलं की इंजिन सुरू होतं, टर्बोची शिट्टी ऐकू येते आणि घेणाऱ्याचा निर्णय तिथेच होऊन जातो.

मी पोटासाठी डिझेल मेकॅनिकचं काम करते, मालवाहू ट्रकांच्या ताफ्याची देखभाल माझ्याकडे असते. हा एम३५ए२ ट्रक मात्र घरचा. लाकडं, खडी, माती वाहायला घेतला, आणि खरं सांगायचं तर आवडला म्हणून घेतला. त्यामुळे हा अभिप्राय प्रदर्शनात उभ्या केलेल्या गाडीचा नाही, कामाला जुंपलेल्या गाडीचा आहे.

एम३५ हे घराणं १९५०च्या सुमाराला रिओ कंपनीने सुरू केलं. पुढे स्टुडबेकर, कैसर जीप, एएम जनरल अशा कंपन्यांनी तेच बनवलं. सहा चाकांना जोर, तीन अ‍ॅक्सल, पाच गियरचा हाती गियरबॉक्स. ‘अडीच टनी’ हे नाव कच्च्या रस्त्यावरच्या भारावरून पडलंय, म्हणजे ५,००० पाउंड. पक्क्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट भार चालतो, हे डॅशबोर्डवरच्या धातूच्या पट्टीवर कोरलेलंच असतं. त्यातल्या ए२ मध्ये, म्हणजे माझ्या ट्रकात, मल्टीफ्युएल इंजिन आहे: सहा सिलेंडर, ४७८ घनइंच, जर्मनीच्या मॅन कंपनीच्या ज्वलनपद्धतीवर बांधलेलं. डिझेल, रॉकेल, जेट विमानाचं इंधन, अडचणीत पेट्रोलसुद्धा पचवतं. टर्बो ताकदीसाठी लावलाय असं सगळ्यांना वाटतं, पण तो मुख्यतः धूर कमी करायला लावला होता. ताकद बेताचीच, १३०-१४० अश्वशक्ती. पण ज्या शांतपणे ते भार ओढतं त्याला तोड नाही.

आता कागद. सरकारकडून थेट विकलेल्या गाडीला टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, नसतं. त्याऐवजी एसएफ ९७ नावाचं प्रमाणपत्र मिळतं: या गाडीचं टायटल काढून द्यावं असं सरकारने लिहून दिलेला कागद. तो राज्याच्या डीएमव्हीत, म्हणजे वाहन नोंदणी कार्यालयात, दिला की टायटल निघतं. लष्कराची जादा मालमत्ता विकण्याचं काम डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सीकडे असतं आणि विक्री ऑनलाइन लिलावाने होते. पैसे भरले की ट्रक लगेच हातात येत नाही. बऱ्याच मालाला आधी एंड-यूज सर्टिफिकेट भरून द्यावं लागतं, म्हणजे गाडी कोण घेतोय आणि कशासाठी, याची चौकशी. ती पार पडली की मग गाडी, आणि एसएफ ९७ त्यानंतर. ह्यात आठवडे जातात. ट्रक दारात उभा आणि कागद अजून वाटेत, हे इथे अगदी नेहमीचं आहे. तेवढा धीर धरता येत नसेल तर ज्याच्या नावावर आधीच टायटल आहे अशा माणसाकडून घ्या. चार पैसे जास्त जातील, पण ते वसूल होतात.

लिलावाच्या पानावर ‘फक्त विक्रीची पावती’ असं लिहिलेलं असेल तर तो ट्रक सुट्या भागांसाठी आहे असं समजा. काही राज्यांत हमीपत्र भरून बाँडेड टायटल काढता येतं, पण तो लांबचा रस्ता आहे, आणि माझ्या ओळखीतले काही जण त्यात अडकून पडलेले मी बघितलेत. आणखी एक शब्द शोधायचा: ‘ऑफ-रोड’. २०१४च्या अखेरीस हम्व्ही ह्या लष्कराच्या रुंद जीपसारख्या गाड्यांचे लिलाव सुरू झाले तेव्हा त्यांच्या कागदांवर फक्त रस्त्याबाहेरच्या वापरासाठी असा शेरा होता, आणि त्यावरून लोक कितीतरी भांडले. ह्याचं मूळ असं की लष्करासाठी बनवून थेट लष्कराला विकलेल्या वाहनांना संघराज्याची वाहन सुरक्षा मानकं लागूच होत नाहीत, नियमात तशी स्पष्ट सूट आहे. त्यामुळे ती मानकं पाळल्याचं लेबलही त्यांच्यावर नसतं. ह्या सुटीकडे कसं बघायचं ते प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. म्हणून गाडी घेण्याआधी आपल्या राज्याचा नियम वाचायचा, शेजारच्या राज्यातल्या मित्राचा अनुभव उपयोगाचा नाही.

माझ्या पासिंगच्या वेळी खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, “ह्यात सतरा अक्षरं कुठे आहेत?” प्रश्न रास्त होता. सतरा अक्षरी नंबर १९८१ सालच्या मॉडेलपासून आले. माझा ट्रक सत्तरच्या दशकातला, त्याला लष्कराचा छोटा सिरियल नंबर आहे आणि संगणक तो घ्यायला तयार नव्हता. पट्टीवरचा नंबर, चेसीवर उजव्या हाताला पुढे ठोकलेला नंबर आणि एसएफ ९७ वरचा नंबर, तिन्हींचे फोटो मी सोबत नेले होते. चेसीवरचा नंबर रंगाच्या थरांखाली बुजलेला असतो. तारेचा ब्रश आणि थोडं थिनर घेऊन तो आदल्या दिवशी मोकळा केला होता, अक्षर न् अक्षर वाचता येईल असा. बाईंनी फोटो एकेक करून ताडून बघितले, साहेबांना बोलावलं, तपासनीसाने गाडीपाशी येऊन नंबर जुळवला आणि काम झालं. डॅशबोर्डवर दोन पट्ट्या दिसल्या तर गोंधळू नका. एकीवर मूळ सुपूर्द केल्याची तारीख असते, दुसरीवर लष्करी डेपोत पुन्हा बांधणी झाल्याची. मॉडेलचं वर्ष कागदावर काय आहे ते बघा आणि अर्जात तेच भरा.

प्लेट कुठली घ्यायची हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. जुन्या वाहनांची ऐतिहासिक प्लेट स्वस्त पडते, पण तिच्यावर साधारणपणे प्रदर्शन, परेड, दुरुस्तीसाठी ने-आण इतपतच परवानगी असते. हौद्यात लाकडं भरून निघालात की तुम्ही तिच्या अटीबाहेर गेलात. संग्राहकांसाठीच्या विम्याचंही तसंच. मी साधी ट्रकची प्लेट घेतली आणि विमा कंपनीला गाडीचं वजन, वापर, सगळं लेखी कळवलं. हप्ता जास्त आहे. अपघात झाला तर दावा उभा राहील, हे मला महत्त्वाचं वाटतं.

लायसन्सबद्दल लोकांच्या मनात उगाच भीती आहे. व्यावसायिक लायसन्सची संघराज्याची मर्यादा २६,००१ पाउंडांपासून सुरू होते. रिकामा एम३५ए२ सुमारे १३,००० पाउंडांचा, पक्क्या रस्त्यावरचा पूर्ण भार धरला तरी २३,००० च्या आसपास. म्हणजे घरगुती वापराला बहुतेक ठिकाणी साधं लायसन्स पुरतं. ‘बहुतेक’ म्हणते, कारण कॅलिफोर्नियात अ‍ॅक्सलही मोजतात: ६,००० पाउंडांवरचं तीन अ‍ॅक्सलचं वाहन तिथे साध्या क्लास सी मध्ये बसत नाही. पाच टनी एम९२३ वर डोळा असेल तर हिशोब पार बदलतो. तो भारासकट मर्यादेच्या वर जातो आणि त्याचे ब्रेक पूर्ण हवेचे आहेत. त्याला कमिन्सचं इंजिन आणि ऑटोमॅटिक गियर आहे, चालवायला सुखाचा, पण आधी लायसन्सची चौकशी.

दिव्यांच्या बाबतीत ह्या ट्रकचं स्वतःचं एक डोकं आहे. डॅशबोर्डवर तीन खटक्यांचा गोल स्विच असतो. ‘अनलॉक’चा खटका एका हाताने दाबून धरल्याशिवाय मुख्य खटका हेडलाइटकडे हलत नाही, कारण युद्धात कोणाचा हात लागून रात्री दिवे उजळायला नकोत. आणि ही गोष्ट नीट वाचा: स्विच बंद स्थितीत असेल तर ब्रेक दाबला तरी मागचा लाल दिवा लागत नाही. भर दिवसासुद्धा खटका ‘स्टॉप लाइट’वर ठेवूनच निघायचं. मी तर दिवसाही हेडलाइट लावूनच चालवते, विषयच संपतो. तपासणीला नेताना तपासनीसाला हे आधी सांगा. ब्लॅकआउटचे, म्हणजे शत्रूला दिसू नयेत असे, बारीक दिवे रस्त्यावर कामाचे नाहीत. इंडिकेटरची दांडी वळण झाल्यावर आपोआप परत येत नाही, हाताने आणायची.

ट्रक आठ फुटांच्या जवळपास रुंद आहे, आणि ८० इंचांवरच्या वाहनाला पुढे पिवळे आणि मागे लाल असे रुंदी दाखवणारे दिवे अनेक राज्यांत लागतात. ते बसवून घ्या. वीज २४ व्होल्टची आहे, बारा व्होल्टचे दिवे तत्क्षणी जातात. १२ ते २४ दोन्हींवर चालणारे एलईडी मिळतात, ते घ्या. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून बारा व्होल्ट काढायचा मोह होतो, तो टाळा. दोघींचं चार्जिंग असमान होतं आणि दोन्ही लवकर मरतात.

ब्रेकवर मी जरा जास्त बोलणार आहे. मूळ व्यवस्था हवा आणि ब्रेक ऑइल अशी मिश्र आहे: पाय मास्टर सिलेंडरला दाबतो, हवा त्या दाबाला बळ देते, पण चाकांपर्यंत जातं ते तेलच. आणि ते एकाच सर्किटमध्ये जातं. सहा चाकांपैकी एका चाकाचा सिलेंडर किंवा एक रबरी होज फुटला की सगळेच ब्रेक जातात, पेडल थेट तळाला. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही कारला आज अशी व्यवस्था नसते. मी सगळे होज आणि चाकांचे सिलेंडर नवे घातले, शिवाय दुहेरी सर्किटचा मास्टर सिलेंडर बसवला. गाडीवरचा सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि रंग, ताडपत्री, हौद्याच्या फळ्या ह्या सगळ्यांच्या आधी केलेला. कुठल्याही राज्याने मला तो करायला सांगितला नव्हता. आणखी एक: लष्कर ह्यात सिलिकॉनचं डॉट ५ ब्रेक ऑइल वापरायचं, नवं असताना ते जांभळं दिसतं. दुकानातलं नेहमीचं डॉट ३ त्यात मिसळत नाही. टाकीत काय आहे ते कळेपर्यंत एक थेंबही वरून घालू नका. हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या (गियरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या ड्रमवर काम करतो. दांडीच्या टोकाची मूठ फिरवून तो घट्ट करता येतो. उतारावर मी तरीही चाकाखाली लाकडी ठोकळा देते.

रोज सकाळी इंजिन सुरू केल्यावर हवेचा दाब भरेपर्यंत बझर ओरडत राहतो. तो थांबल्याशिवाय गाडी हलवायची नाही, एवढी शिस्त घरातल्या प्रत्येकाला लावलीय. आमच्या ह्यांना गाडी पुढे-मागे घ्यायची हौस आहे, तेही आता काटा बघितल्याशिवाय क्लच सोडत नाहीत.

रस्त्यावर ताशी ५५ मैलांच्या आसपास ट्रकचा दम संपतो. इंटरस्टेटवर चालतो, पण मागच्यांचा विचार करून मी जुने राज्यमार्ग घेते. उतारावर इंजिन २,६०० फेऱ्यांच्या वर जाऊ देऊ नका, ह्या इंजिनाला जास्त फेऱ्या सोसत नाहीत. पॉवर स्टीअरिंग नाही, उभ्या गाडीचं चाक वळवायला खांदे लागतात. मूळचे आडव्या खाचांचे एनडीटी टायर चिखलात छान, ओल्या डांबरावर मात्र घसरतात, आणि लष्करी ट्रकवर ते बरेचदा जुनाट असतात. बदलताना लक्षात ठेवा की रिम कडीची आहे, म्हणजे टायर एका सुट्या लोखंडी कडीने रिमवर अडकवलेला असतो. बरेच टायरवाले तिला हात लावत नाहीत, आणि कडी उडू शकते म्हणून चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरायची. सीटबेल्ट मी नंतर बसवले.

इंजिन काहीही पचवतं म्हणून टाकीत काहीही ओतू नका. लाल रंगाचं डिझेल शेतीच्या आणि रस्त्याबाहेरच्या कामासाठी करमुक्त असतं, सार्वजनिक रस्त्यावर ते टाकीत सापडलं तर दंड होतो. वापरलेलं तेल गाळून जाळणारे हौशी लोक आहेत, रस्त्यावरच्या इंधनाचा कर त्यांनाही चुकत नाही.

गियर बदलायचा कंटाळा असेल तर एम३५ए३ शोधा. नव्वदच्या दशकात एएम जनरलने जुने ट्रक पुन्हा बांधून काढले, त्यात कॅटरपिलरचं इंजिन, ऑटोमॅटिक गियर आणि चालता चालता टायरची हवा कमी-जास्त करायची सोय आहे. चांगला ट्रक आहे. मी ए२ वरच खूश आहे, कारण त्याचं सगळं माझ्या पान्यांनी उघडतं, आणि टीएम ९-२३२०-३६१ ही लष्कराची मॅन्युअल इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यातलं चालकाचं मॅन्युअल, शेवटी १० असलेलं, छापून मी दाराच्या खिशात ठेवलंय. रस्त्यात पोलिसाने थांबवलं आणि दिव्यांबद्दल विचारलं, तर स्विचच्या आकृतीचं पान उघडून त्याच्या हातात देते.