वजन घटवण्याचं ऑपरेशन : कोणता डबा घरी आणावा, कोणता दुकानातच राहू द्यावा

बेरिॲट्रिक ऑपरेशनची तारीख ठरली की घरात खरेदी सुरू होते. प्रोटीनचे डबे, कॅल्शियमच्या गोळ्या, नाचणी सत्त्वाची पाकिटं आणि नातेवाइकांनी सुचवलेली एखादी 'ताकदीची पावडर'. यातल्या बऱ्याच वस्तू चांगल्याच असतात, फक्त या ऑपरेशनच्या कामाच्या नसतात. त्या पारखायला एक हिशेब पुरतो. या ऑपरेशनचे दोन मुख्य प्रकार, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरलेल्या नळीत साधारण १०० ते १५० मिली मावतं. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात; ती जेमतेम ३० मिलीची, म्हणजे दोन मोठे चमचे. एवढ्या जागेतून रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं आणि किमान दीड लिटर पाणी आत जायला हवं. जी वस्तू जागा अडवते पण प्रथिनं देत नाही, ती सुरुवातीच्या महिन्यांत घेऊ नये. खालचे सगळे शेरे याच मापाने दिले आहेत.

ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे

बहुतेक सर्जन ऑपरेशनआधी साधारण दोन आठवडे दिवसाला ८०० ते १००० कॅलरींचा, मुख्यतः द्रव आहार देतात. त्याचा उद्देश यकृत लहान करणं हा असतो. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तो उचलून धरावा लागतो. लठ्ठपणात तो चरबीने जड आणि ठिसूळ झालेला असतो. पिष्ट पदार्थ कमी केले की आधी यकृतातला ग्लायकोजेन (साठवलेली साखर) आणि त्याच्याबरोबरचं पाणी उतरतं, मग चरबी. आदल्या रात्री 'शेवटचं म्हणून' बिर्याणी खाल्ली तर साठा पुन्हा भरू लागतो आणि सर्जनला हवी ती जागा कमी होते.

यासाठी जेवणाऐवजी घ्यायच्या तयार पावडरी मिळतात. त्या सोयीच्या आहेत, जीवनसत्त्वंही मोजून घातलेली असतात, पण महाग पडतात. साध्या व्हे (दुधाच्या निवळीतलं प्रथिन) पावडरीवरही हे दोन आठवडे नीट निभावतात: २०० मिली गाईच्या साय काढलेल्या दुधात एक स्कूप, असं दिवसातून तीनदा; दोन वाट्या भाज्यांचं पातळ सूप, दोन ग्लास पातळ ताक आणि एक वाटी उकडलेली दुधी किंवा पडवळ. हे सगळं ८५० कॅलरींच्या आसपास जातं आणि प्रथिनं ९० ग्रॅमच्या पुढे. जीवनसत्त्वाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारून वेगळी घ्यावी लागते. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते. ताकात चिमूटभर मीठ आणि भरपूर पाणी घेतलं की पुष्कळ फरक पडतो.

मधुमेह असेल तर डबा उघडण्याआधी डॉक्टरांना फोन. खाणं अचानक निम्म्यावर येतं, आणि इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड जुन्याच डोसवर राहिलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात, कारण उपाशीपोटी त्यांच्यामुळे साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. हे बदल स्वतःच्या मनाने करायचे नाहीत.

व्हे प्रोटीन : कोणतं आणि किती

माझा कौल चव नसलेल्या व्हे आयसोलेटला. आयसोलेटमध्ये प्रथिनं ९० टक्क्यांच्या आसपास असतात आणि दुधातली साखर अगदी थोडी. कॉन्सन्ट्रेट स्वस्त, पण त्यात लॅक्टोज, म्हणजे ही दुधातली साखर, जास्त. ऑपरेशनआधी दूध सहज पचत होतं अशा माणसालाही नंतर काही काळ त्याने गॅस आणि जुलाब होतात, बायपासनंतर विशेष.

लेबलवर तीन गोष्टी बघा. १०० ग्रॅम पावडरीत प्रथिनं ७५ ग्रॅमच्या खाली असतील तर डबा परत ठेवा. एका स्कूपमध्ये साखर २ ग्रॅमपेक्षा जास्त नको. आणि घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं घातलेलं दिसलं तर सावध व्हा. ही स्वस्त अमिनो आम्लं तपासणीत प्रथिनांचा आकडा फुगवतात. 'साखरविरहित' लिहिलेल्या डब्यात माल्टिटॉल हा साखरेऐवजी घातलेला गोड पदार्थ असेल तर पोट फुगतं.

आजारपणानंतर आणि म्हाताऱ्या माणसांना देतात त्या सर्वसाधारण पोषण-पावडरी इथे नकोत. माल्टोडेक्स्ट्रिन हा पिष्ट पदार्थ त्यांतल्या अनेकींचा मुख्य घटक. लहान मुलांच्या माल्टच्या चॉकलेटी पावडरीही नकोत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

दोन किलोचा डबा ऑपरेशनआधी घेऊ नका, मग सूट कितीही असो. ऑपरेशननंतर जिभेची चव बदलते. आधी आवडणारं चॉकलेटच्या किंवा आंब्याच्या स्वादाचं व्हे नंतर वासानेच मळमळ आणतं. सुटी पाकिटं किंवा सर्वांत लहान डबा घ्यावा.

व्हे बिघडतं ते बहुधा कालवताना. उकळत्या कढणात पावडर टाकली की प्रथिनं गोठतात, गुठळ्या होतात आणि त्या गिळताना अडकतात. आधी १५ ग्रॅम पावडर ५० मिली साध्या पाण्यात सारखी करून घ्या. कढण गॅसवरून उतरवून पिण्याजोगं कोमट होऊ द्या, मग हे मिश्रण हळूहळू ओतत ढवळा. शेकरमध्ये जोरात हलवलं तर फेस येतो. तो तसाच प्यायला की हवा पोटात जाते आणि नव्या टाक्यांवर ताण येऊन कळा येतात. दहा मिनिटं ठेवून फेस बसू द्या. पूर्ण स्कूप २०० मिलीत कालवून तासाभरात घोटघोट संपवायचा. लवकर संपवायच्या नादात १०० मिलीत घट्ट केला तर मळमळ ठरलेलीच.

वरणाचं पाणी, नाचणी सत्त्व, तांदळाची पेज

आजारी माणसाला वरणाचं पाणी देणं आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे, म्हणून यावर थोडं थांबतो. वाटीभर वरच्या पाण्यात प्रथिनं एखाद-दोन ग्रॅम. डाळ खाली राहते, पिवळं पाणी वाटीत येतं. घट्ट, घोटून गाळलेलं मुगाचं वरण खरंच चांगलं: ३० ग्रॅम कोरड्या डाळीतून सुमारे ७ ग्रॅम प्रथिनं मिळतात. पण त्याची अख्खी वाटी होते. ६० ग्रॅमसाठी अशा आठ-नऊ वाट्या लागतील, आणि पहिल्या महिन्यात दिवसभरात तीनसुद्धा जाणार नाहीत. वरण द्या, पण त्यात व्हे मिसळून.

नाचणी सत्त्वाची पाकिटं 'पौष्टिक' म्हणून हमखास येतात. दोन मोठे चमचे, म्हणजे २० ग्रॅम नाचणीत प्रथिनं दीड ग्रॅमच्या आतबाहेर, बाकी पिष्ट. पेज आणि साबुदाण्याची खीर त्याहून मागे. चतुर्थी-एकादशीला पहिलं वर्षभर साबुदाणा टाळून चक्का आणि मऊ पनीर घेता येतं. उपास मोडत नाही आणि हिशेबही बिघडत नाही. चक्क्यात १०० ग्रॅममागे ९-१० ग्रॅम, पनीरमध्ये १८ ग्रॅम.

तयार वस्तूंमध्ये मला सर्वांत उपयोगी वाटलं ते अमूलचं हाय प्रोटीन ताक. २०० मिलीच्या खोक्यात १५ ग्रॅम प्रथिनं, गोड नाही, दप्तरात-पर्समध्ये राहतं. घरच्या पातळ ताकाच्या तेवढ्याच ग्लासात २-३ ग्रॅमच येतात. मसाला काहींना सुरुवातीला झोंबतो, तेव्हा द्रव आहाराच्या दुसऱ्या आठवड्यापासून घ्यावं. खोक्याला चिकटवलेली नळी मात्र काढून टाका, नळीने ओढताना हवा जाते. ते औषधाच्या कपात ओतून प्यावं.

काटा, कप आणि छोटा चमचा

या यादीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वसूल वस्तू म्हणजे १ ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. त्यात रिकाम्या वाटीचं वजन शून्य करायचं बटण असावं. आपली आमटीची वाटी साधारण १५० मिलीची, म्हणजे तीच स्लीव्हच्या पोटाएवढी. डोळ्यांनी घेतलेला अंदाज फसतो. पाचव्या आठवड्यातलं एक जेवण काट्यावर असं दिसतं: ३० ग्रॅम कुस्करलेलं पनीर आणि अर्धं मऊ उकडलेलं अंडं, मिळून ८ ग्रॅमच्या वर प्रथिनं. बघणाऱ्याला ते पक्ष्याचं खाणं वाटतं. जेवणाऱ्याला पुरतं.

पहिल्या आठवड्यासाठी १५ किंवा ३० मिलीच्या खुणा असलेला औषधाचा कप हवा. दर दहा-पंधरा मिनिटांनी ३० मिली घेतलं तर जागेपणी दीड लिटर होतं. जेवण बाळाच्या चमच्याने आणि २० ते ३० मिनिटं घेऊन. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. बायकांना-पुरुषांना सगळ्यांनाच हा नियम सर्वांत जड जातो, कारण ताट-पाणी एकत्र ठेवायची आपली सवय जन्माची. तांब्या-भांडं दुसऱ्या खोलीत ठेवलं तर हात जात नाही.

टप्पे सर्जनगणिक थोडे बदलतात, पण ढाचा असा: एक-दोन दिवस नितळ पाणी, सूप, शहाळं, मग दोन आठवडे सगळे द्रव, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गुळगुळीत वाटलेलं, पाचव्या-सहाव्यात मऊ, त्यानंतर हळूहळू घरचं. वाटायला महाग ब्लेंडर लागत नाही. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात ५० ग्रॅम उकडलेला मासा आणि दोन चमचे त्याचंच पाणी छान फिरतं.

अडकणारे पदार्थ ठरलेले आहेत. ताजी मऊ पोळी आणि पाव चावून चिकट गोळा होतो आणि नळीच्या तोंडाशी बसतो. भात आत गेल्यावर फुगतो. कोरडी चिकनची छाती आणि कोरडे पोहेही तसेच. अडकलं की छातीत दाब, तोंडाला पाणी सुटणं आणि फेसाळ उलटी. त्याआधी उचकी किंवा नाक वाहायला लागतं. ती खूण दिसली की तोंडातला घास शेवटचा. वर पाणी पिऊन ढकलायला जाऊ नये.

गोळ्या : इथे लेबल फसवतं

रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि ते आयुष्यभर. कॅल्शियम कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं, जे आता कमी आहे. कॅल्शियम सायट्रेटला लागत नाही. म्हणून सायट्रेटच घ्यावं. पण पाकिटावर '१००० मिलिग्रॅम कॅल्शियम सायट्रेट' लिहिलेलं असतं त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम साधारण २१० मिलिग्रॅमच. 'एलिमेंटल' असा आकडा शोधा. तो नसेल तर २१ टक्के धरा. एक गोळी घेऊन कोटा भरला असं समजणाऱ्यांची हाडं काही वर्षांनी बोलतात. घराघरात असलेली शेलकल ५०० कार्बोनेटची आहे. तिच्यातले ५०० मिलिग्रॅम खरे एलिमेंटल, पण जेवणाबरोबर घ्यावी लागते आणि या पोटाला सायट्रेटइतकी भरवशाची नाही. एका वेळी ५००-६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊन फायदा नाही.

लोहाची गोळी कॅल्शियमपासून दोन तास लांब, आणि चहाच्या आसपास तर नाहीच. पाळी चालू असलेल्या बायकांना ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह लागतं. रंगीत गमीज चवीला बऱ्या, पण त्यांतल्या बहुतेकांत लोह नसतं. त्यांच्यावर पैसे घालवू नका. बी-१२ आपल्याकडे शाकाहारी घरांत आधीच कमी असतं, तेव्हा ते ऑपरेशनआधीच तपासून भरून काढावं. नंतर रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा महिन्याला इंजेक्शन.

सतत उलट्या होत असतील तर बी-१ म्हणजे थायमिन झपाट्याने संपतं. चालताना तोल जाणं, दुहेरी दिसणं, गोंधळणं ही त्याची लक्षणं, आणि ती वाट बघण्यासारखी नाहीत. दवाखान्यात ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन द्यायला सांगा. तसंच पहिल्या काही आठवड्यांत नाडी बसल्याजागी १२० च्या वर, ताप, डाव्या खांद्यात दुखणं किंवा पाणीही न टिकणं यांपैकी काहीही झालं तर थेट ऑपरेशन केलेलं हॉस्पिटल.

घरातला औषधांचा डबाही एकदा उपसा. बायपासनंतर कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी जोडाच्या जागी जखम होते. साधं पॅरासिटामॉल ठेवा. मिश्री आणि तंबाखूनेही तीच जखम होते.

बायपासवाल्यांनी उसाचा रस, जिलबी, आम्रखंड यांच्याशी जपून. पाक झपाट्याने आतड्यात उतरतो आणि अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात मुरडा येतो. दोन-तीन तासांनी साखर घसरून हातपाय थरथरतात ते वेगळंच.

तपासणीची पॅकेजेस

लॅबवाल्यांची 'फुल बॉडी' पॅकेजेस या कामाला अपुरी पडतात. साठ-सत्तर आकड्यांच्या त्या कागदावर बरेचदा फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) आणि पॅराथायरॉइड हार्मोन नसतं, आणि इथे नेमकं तेच हवं. फेरिटिन हिमोग्लोबिनच्या आधी घसरतं. कॅल्शियमचा आकडा ठीक दिसत असतानाही पॅराथायरॉइड वाढलेलं असतं, कारण शरीर हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात भरत असतं. तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, पुढे दरवर्षी, या तपासण्या नावानिशी सांगून करा: सीबीसी, फेरिटिन, बी-१२, फोलेट, डी-जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड, अल्ब्युमिन. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळू लागले की पार्लरमधल्या तेला-सिरमवर खर्च करण्याआधी यांतलं फेरिटिन आणि काट्यावरचा प्रथिनांचा रोजचा हिशेब बघा. वेगाने वजन उतरताना केस गळतातच आणि बहुधा परत येतात, पण प्रथिनं ६० ग्रॅमच्या खाली राहिली तर ती गळती लांबते.