हवेच्या बोटीच्या ‘दुरुस्ती’त १८,५०० रुपये पाण्यात

मालवण, देवबाग, तारकर्लीकडे हवेची (हवा भरून फुगवायची) बोट बाळगणाऱ्यांनो, ‘घरपोच बोट रिपेअर’वाल्याला दारात उभं करू नका. माझ्याकडून ८,००० ॲडव्हान्स यूपीआयने आणि १०,५०० रोख घेऊन गेला.

बोट पीव्हीसीची. एका ट्यूबची शिवण सुटलेली. साबणाचं पाणी फासलं की बुडबुडे यायचे, म्हणजे दोष कुठे ते मीच दाखवलं. जुलैचा पाऊस कोसळत असताना पठ्ठ्याने पडवीतच काम काढलं. अशा दमट हवेत गोंद धरत नाही म्हणे. हे मला आता कळतंय!

खरं तर तो तिथेच उघडा पडला होता. बोट पीव्हीसीची की हायपलॉनची (कृत्रिम रबराच्या कापडाची), हे त्याने विचारलंच नाही. दोन्हींचा गोंद वेगळा. डब्यावरचं लेबल खरवडलेलं. गोंदात हार्डनर (गोंद घट्ट धरायला लावणारं रसायन) मिसळायचा असतो, तो पिशवीतून निघालाच नाही. ब्रश थेट डब्यात. शेजारचे काका वासावरून ओरडले, “अरे, ह्या तर पंक्चरचा सोलुशन!” मी उलट त्यांनाच गप्प केलं. पण समोरचा परदेशी गोंदाचं बिल नाचवत असताना कुणीही तेच केलं असतं. वर सिलिकॉन थापलं आणि तासाभरात हवा भरून म्हणतो, “बघा, टाइट!” चिकटवलेल्या जोडात निदान चोवीस तास हवा भरायची नसते.

नारळी पौर्णिमेनंतर खाडीत गरवायला गेलो आणि शिवण फर्रकन उसवली. दुसऱ्या कप्प्यात हवा होती म्हणून काठ गाठला.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच खुशीने पाठवलेत. रोखीचं तर कुणी ऐकूनच घेईना. एका साहेबांनी बोटीचीच कागदपत्रं मागितली, जणू चोर मीच! ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही हे खरं, पण नोटीस पाठवायला त्याचा पत्ता लागतो. तो कुठून आणू? म्हणून सांगतो, आधी आधार कार्ड बघा, पक्कं बिल घ्या, रोख देऊ नका. गोंदाचा डबा तुमच्यासमोर फोडायला लावा.

आता दुसरा कारागीर नुसतं सिलिकॉन खरवडायचे ३,००० मागतोय. त्या जागी नवा पॅच टिकेल याची हमी तोही देत नाही.