कडुलिंब-हळदीचा लेप आणि वेष्टनावरचे ९७ टक्के

वसतिगृहात राहणारा माझा पुतण्या दिवाळीच्या सुटीत घरी आला तो बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेभोवती खाजवतच. रात्री खाज असह्य होई आणि मनगटावर बारीक पुरळ दिसत होते, त्यामुळे ही खरूज आहे हे वहिनींच्या लगेच लक्षात आले. जवळच्या आयुर्वेदिक दुकानातून आम्ही कडुलिंब, हळद आणि करंजेल तेल असलेला लेप आणला. ५० ग्रॅमच्या नळीला १४० रुपये पडले. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण माझा आक्षेप लेपापेक्षा त्याच्या वेष्टनावरील दाव्याविषयी आहे.

वेष्टनावर ठळक अक्षरांत लिहिले आहे, ‘८१४ रुग्णांवर सिद्ध, ९७ टक्के गुण’. हा आकडा हवेतून आलेला नाही. कडुलिंब आणि हळदीचा लेप खरजेच्या ८१४ रुग्णांना लावला असता ९७ टक्के जण ३ ते १५ दिवसांत बरे झाले, असा निबंध १९९२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात खरोखरच प्रसिद्ध झाला होता. मात्र तो प्राथमिक स्वरूपाचा अभ्यास होता आणि ज्यांना हा लेप न लावता दुसरे औषध किंवा नुसतेच साधे मलम लावले, असा तुलनेचा गट त्यात नव्हता. त्यामुळे बरे होण्याचे किती श्रेय लेपाचे आणि किती सोबतच्या स्वच्छतेचे, हे त्यावरून सांगता येत नाही. शिवाय तो अभ्यास या नळीवर झालेला नाही. नळीत मेण आहे, सुगंध आहे, टिकवण्यासाठी घातलेले रसायन आहे आणि कडुलिंब नेमका किती आहे, हे कोठेही छापलेले नाही. दुसऱ्याच्या लेपाचे यश आपल्या नळीवर छापणे मला प्रामाणिक वाटत नाही.

वापराचा अनुभव संमिश्र आहे. लेप मऊ आहे, झोंबत नाही आणि लावल्यावर तासाभरात खाज थोडी शमते. हळदीचे डाग मात्र चादरीवरून अजून गेलेले नाहीत. दहा दिवस नेमाने लावूनही नवे पुरळ येत राहिले आणि तोवर वहिनींनाही खाज सुटली. खरजेचा सूक्ष्म किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो, ती तीन-चार दिवसांत फुटतात आणि प्रथमच लागण झालेल्या माणसाला चार ते सहा आठवडे काही जाणवतही नाही. म्हणून घरातील सर्वांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. ही सर्वांत महत्त्वाची सूचना नळीसोबतच्या माहितीपत्रकात नाही, उलट ‘फक्त बाधित जागी लावावे’ असे सांगितले आहे.

अखेर त्वचारोगतज्ज्ञांनी ५ टक्के परमेथ्रिनचे मलम आम्हा पाचही जणांना मानेपासून तळव्यांपर्यंत रात्रभर लावायला सांगितले आणि आठवड्याने पुन्हा एकदा. कपडे व अभ्रे गरम पाण्यात धुतले. जे धुण्याजोगे नव्हते ते पिशवीत आठवडाभर बांधून ठेवले, कारण माणसाच्या अंगापासून दूर हा किडा फार तर दोन-तीन दिवस जगतो. खाज पूर्ण थांबायला तरीही तीन आठवडे लागले. किडे मेल्यावरही त्यांच्या अवशेषांमुळे खाज काही आठवडे राहते, असे डॉक्टरांनी आधीच बजावले नसते तर आम्ही त्या मलमालाही नावे ठेवली असती.

यावरून लेप कुचकामी ठरतो, असे मी म्हणणार नाही. आम्ही तो एकट्या पुतण्याला लावला, घरातल्या इतरांना नाही. म्हणजे आमचा प्रयोगही तुलनेच्या कसोटीवर त्या जुन्या निबंधापेक्षा बरा नव्हता. गुढीपाडव्याला कडुलिंबाचा पाला चघळणाऱ्या घरात वाढल्यामुळे माझा कल तसा लेपाच्याच बाजूने होता, हेही मान्य करतो. खाजेला तात्पुरता उतार म्हणून नळी वापरण्यास हरकत नाही. खरजेवरचा उपचार म्हणून मी ती पुन्हा विकत घेणार नाही. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी कडुलिंबाचे तेल हाती लागेल असे ठेवू नये. ते पोटात गेल्यास बालकांना झटके येऊ शकतात, आणि याचाही उल्लेख वेष्टनावर नाही.